पाच किलोचा स्वॅग

बीजीएमआय खेळणाऱ्यांना हे पाठ असतं. बॅगेत गोळ्या, बँडेज, ग्रेनेड कोंबत गेलं की एका क्षणी बॅग ‘फुल्ल’ होते. पण पाठीवर लटकवलेल्या दोन रायफली त्यात मोजल्याच जात नाहीत. एक एम४१६, वर एक स्नायपर घेऊन आपला गडी अख्खा नकाशा पळतो. ना खांदा दुखत, ना दम लागत.

मग पुढचा रील येतो अमेरिकेतल्या ‘बॅकपॅक हंटिंग’चा. दाढीवाला तरुण, पाठीवर भलीमोठी सॅक, मागे बर्फाचे डोंगर आणि हातात तीच गेममधली वाटावी अशी काळीकुट्ट सेमी-ऑटोमॅटिक रायफल. खाली कमेंट्समध्ये आपली पोरं ‘भाई, क्या सेटअप है’ म्हणून लोटांगण घालतात. माझं म्हणणं एवढंच, की हा सेटअप त्या डोंगरावर चुकीचा आहे. दिसायला भारी, न्यायला त्याहून भारी.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहावी, असं मला वाटतं. पण आपले कितीतरी सिनियर एमएस करायला तिकडे आहेत. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला तिथे एरवी बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर कायद्यात त्याला अपवाद आहे. त्यामुळे विषय वाटतो तितका लांबचा नाही.

बॅकपॅक हंटिंग म्हणजे नेमकं काय? तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, चार-पाच दिवसांचं खाणं पाठीवर घ्यायचं, गाडीरस्ता सोडून मैलोन् मैल आत चालायचं आणि तिथेच राहायचं. कोलोरॅडोचंच उदाहरण घेऊ. अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क याच राज्यात आहेत. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही दांडगं हरीण, नर तीनशे किलोच्या घरातला. तो शोधायला अनेकदा तीन हजार मीटरच्या वर जावं लागतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आपण जिथे पोहोचून सेल्फी काढतो, त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर यांचा दिवस सुरू होतो.

आता वजनाचा हिशोब. कोलोरॅडोत मोठ्या प्राण्यांसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची लागते. त्यामुळे सगळ्यांना माहीत असलेली .२२३ची एआर-१५ तिथे चालतच नाही. सेमी-ऑटोच हवी असेल तर तिची थोरली बहीण एआर-१० घ्यायची, साधारण .३०८ची. ती नुसतीच चार किलोच्या आसपास. वर दुर्बीण, भरलेलं मॅगझिन, पट्टा लावला की काटा पाच किलोकडे जातो. डोंगरासाठी बनवलेली साधी बोल्ट-अॅक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची, दुर्बिणीसकट तीन-साडेतीन किलोत बसते.

फरक दीड-दोन किलोचा. ‘एवढंच?’ असं ज्याला वाटतं त्याने राजगडाच्या वाटेवर दोन लिटरची बाटली कोणी घ्यायची यावरून ग्रुपमध्ये होणारी भांडणं आठवावीत. शिवाय बाटली सॅकमध्ये जाते, तिचा भार कमरेच्या पट्ट्यावर येतो. रायफल मात्र एका खांद्यावर किंवा हातात असते. एनसीसीत ज्यांनी परेडला तासभर रायफल धरली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. इथे तर असे पाच दिवस.

जड रायफलीच्या बाजूने बोलणारे सगळेच काही शो-ऑफवाले नाहीत. त्यांचा मुद्दा थेट न्यूटनचा आहे. गोळी तीच ठेवून रायफलीचं वजन निम्मं केलं, तर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. सेमी-ऑटोत गोळीमागच्या गॅसवर पुढची गोळी भरली जाते, त्यामुळे धक्का आणखी मवाळ लागतो. लहान चणीच्या नेमबाजाला हा मोठाच आधार. वजनदार नळी लवकर हलतही नाही. गाडी शेजारी लावून रेंजवर बसायचं असेल तर मीसुद्धा जडच रायफल निवडेन.

पण डोंगरावर नेम धरण्याआधी तुम्ही चार तास चढलेले असता. विरळ हवा, छाती धपापतेय, पाय थरथरतायत. अशा वेळी नळी हलते ती तुमच्या श्वासाने. जे वजन स्थिर ठेवणार होतं, त्यानेच इथपर्यंत येताना तुम्हाला पिळून काढलेलं असतं. दमलेल्या माणसाची पहिली गोळी चुकीच्या जागी लागली, तर ते जनावर तासन् तास तडफडत फिरतं. किंमत आपण नाही, ते मोजतं.

मग दुसरी गोळी झटकन मारता येते ना? येते. पण सरावलेला हात बोल्टसुद्धा एक-दोन सेकंदांत ओढतो. आणि जखमी जनावर झाडीत पळत असताना धडाधड गोळ्या झाडणं याला नेमबाजी म्हणत नाहीत. कोलोरॅडोने सेमी-ऑटोला मॅगझिन आणि चेंबर मिळून सहाच गोळ्यांची मर्यादा घातली आहे. पेनसिल्व्हेनियाने २०१७ मध्ये सेमी-ऑटो रायफलींना परवानगी दिली ती लहान प्राण्यांपुरती, हरणासाठी नाही. आणि जिम कॉर्बेट? चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्यावर त्यांना बक्षीस मिळालेली .२७५ रिग्बी ही हलकी बोल्ट रायफलच होती. समोर वाघ असणाऱ्या माणसाला ती चालली.

‘अस्वल आलं तर?’ हा हुकमी प्रश्न. कोलोरॅडोतलं शेवटचं माहीत असलेलं ग्रिझली १९७९ मध्ये मारलं गेलं. जिथे ग्रिझली आहेत त्या अलास्कातल्या घटनांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की बेअर स्प्रेने तपकिरी अस्वलांना १०० पैकी ९२ वेळा रोखलं. स्प्रेचा डबा अर्ध्या किलोच्याही आत-बाहेर.

तरी लोक ही रायफल का नेतात? मला वाटतं, उत्तर डोंगरात नाही, दुकानात आहे. अमेरिकेतल्या बंदूक उद्योगाच्या संघटनेने २००९ पासून एआर प्रकारच्या रायफलींना ‘मॉडर्न स्पोर्टिंग रायफल’ म्हणायला सुरुवात केली. लष्करी दिसणाऱ्या वस्तूला शिकारीचं सोज्वळ नाव मिळालं. मग ती शिकारीला नेऊन दाखवणंही आलंच.

रीलमध्ये न दिसणारा भाग त्यानंतरचा. कोलोरॅडोत एल्क मारला तर त्याचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येता येत नाही, कायद्याने. हाडं काढूनही ते ऐंशी ते शंभर किलो भरतं. एकट्याने पाठीवर तीस-तीस किलो घेतलं तरी गाडीपर्यंत तीन-चार फेऱ्या, आणि तंबू-सामान वेगळं. या सगळ्यात रायफलीचं काम एका गोळीत संपलेलं असतं. पुढे ती फक्त पाच किलो लोखंड. व्हिडिओत या फेऱ्या बहुतेक वेळा फास्ट फॉरवर्ड करून, मागे गिटार लावून दाखवतात.