सोपं आहे, की सोपं जातं?



नवी सून पोळी लाटायला बसली, की आपल्यापैकी बहुतेकींच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं, "अगं, सोप्पं आहे ते!" धीर द्यायलाच म्हणतो आपण. पण माझं स्पष्ट मत आहे, की या वाक्याने असलेला धीरही जातो. हे मत पक्कं झालं ते स्पॅनिशमुळे. नातीला शाळेत ती भाषा आहे, तिच्या वहीत डोकावता डोकावता मलाही नाद लागला.

स्पॅनिशमध्ये "एस फासिल" म्हणजे सोपं आहे. कोणाला? सगळ्यांनाच, असा त्याचा सूर. स्वतःपुरतं बोलायचं तर "मे रेसुल्ता फासिल". यातला "मे" म्हणजे मला. मला सोपं जातं. आणि नुसतं मत सांगायचं असेल तर "मे पारेसे फासिल", मला सोपं वाटतं. आहे, जातं, वाटतं, तिन्ही आपल्यासारखंच! इंग्रजीत "आय फाइंड इट डिफिकल्ट" म्हणताना मी पुढे उभी. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये ती गोष्ट पुढे, आपण "ला" लावून बाजूला. क्रियापदसुद्धा त्या गोष्टीच्याच मागे जातं. एक धडा अवघड जातो, दोन धडे अवघड जातात, तसंच तिकडेही. म्हणून स्पॅनिशचा हा भाग शिकताना इंग्रजी बाजूला ठेवावी आणि मराठी मनात धरावी. घाईत कोणी "सोय दिफीसिल" म्हणालं, तर त्याचा अर्थ होतो "मी अवघड बाई आहे". (काही घरांत तेही खरं असेल म्हणा.)

माझं सगळ्यात लाडकं क्रियापद मात्र "मे कुएस्ता" मधलं. बाजारात भाव विचारताना "क्वांतो कुएस्ता?" म्हणतात, म्हणजे केवढ्याला? तेच क्रियापद इथे. "मे कुएस्ता माद्रुगार", मला पहाटे उठणं जड जातं. शब्दाला शब्द लावला तर पहाटे उठण्याची मला किंमत पडते! कॉमर्स शिकलेल्या बाईला हे आवडलं नाही तरच नवल. पुरणपोळी तीच, पण मला ती जेवढ्याला पडते तेवढ्याला सुनेला कशी पडेल? माझ्याकडे 40 वर्षांच्या सवयीचं भांडवल जमा आहे. तिचं खातं आज उघडलं. माझ्या वहीतला आकडा तिच्या वहीत उतरवणं हा हिशेबच चुकीचा. आणि तिची पोळी फुटली, की "सोपं" जमत नाही म्हणून ती स्वतःलाच कमी समजायला लागते.

काहीजणी म्हणतील, आधीच अवघड म्हटलं तर पोरी हात लावणार नाहीत. अवघड म्हणा असं कुठे म्हणते मी? "मला आता सोपं जातं, तुला कुठे जड जातंय?" एवढं विचारा. पुरण सैल होतंय, की पारी फाटतेय, ते तरी कळेल. नुसत्या "सोपं आहे" नंतर ती काही विचारतच नाही.

हेच वाक्य आपली मुलंही आपल्याला ऐकवतात, मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवताना. "आई, किती सोपं आहे!" तेव्हा कसं लागतं ते आठवा.

नातीचं सध्या "मे कुएस्तान लोस वेर्बोस" चालू आहे, क्रियापदं जड जातात म्हणे. त्यावर द्यायला स्पॅनिशमध्ये छान उत्तर आहे, "आ मी तांबियेन". मलासुद्धा.