भिंत म्हातारी कशी होते?

स्नेहसंमेलनाचे दिवस आले, की मला आमची सातवीतली फजिती आठवते. नाटकात गरीब शेतकऱ्याचं घर दाखवायचं होतं. बांबूच्या चौकटींवर मांजरपाट ताणून आम्ही पिवळा रंग दिला. घर जुनं दिसावं म्हणून वर काळे फटकारे मारले. झालं! सगळे खूश. फक्त एक मित्र गप्प. त्याचं घर मातीचं होतं. शेवटी तो म्हणाला, "आमचं घर असं घाण नाहीये. आई दर आठवड्याला सारवते."

आमचे चेहरे उतरले. मग त्यानंच आम्हाला घरी नेलं.

पाहतो तर काय, भिंत स्वच्छ होती, पण झिजलेली! जमिनीलगत ओल चढून रंग गडद झालेला. चुलीमागे काजळी, वर वर विरत गेलेली. खिडकीखाली पावसाचे ओघळ. कडीभोवतीचं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत. प्रत्येक डागाला कारण होतं!

मग आम्ही पुन्हा रंगवायला बसलो. तुम्हीही करून पाहा. आधी मूळ रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. पाण्यात पातळ केलेला तपकिरी रंग स्पंजनं खालून वर टिपा. ही झाली ओल. चौकट उभी धरून खिडकीखाली पातळ रंग सोडा. ओघळ आपोआप उतरतात. ब्रश रंगात बुडवा, वर्तमानपत्रावर पुसा आणि जवळजवळ कोरडाच कडांवरून फिरवा. कडा झिजल्यासारख्या दिसतात. अधूनमधून शेवटच्या रांगेत जाऊन बघा. नाटकात बारीक खुणा लांबून दिसत नाहीत, त्या ठळक हव्यात. सिनेमाचा कॅमेरा मात्र अगदी जवळ येतो. तिथे हात हलका हवा.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवत, मग सिनेमाकडे वळले. पडद्यावर रंगवलेल्या घराऐवजी त्यांनी खरीखुरी वाटणारी घरं उभारली. त्यांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये सावकारानं नाडलेल्या शेतकऱ्याची गोष्ट होती.

आमच्या नाटकाला मित्राची आई आली होती. पडदा वर गेला आणि ती शेजारणीला हळूच म्हणाली, "अगं बाई, ही तर आमचीच भिंत!"

उद्या शाळेत जाताना एक जुनी भिंत निवडा. तिच्यावरच्या तीन खुणा शोधा आणि प्रत्येकीचं कारणही. ब्रश त्यानंतर हातात घ्या!