संहिता पाचशे मीटरला, ऊन मात्र घरकुलाला

इमारतींनी वीज कमी खावी आणि घरे उन्हाळ्यात आतून तापू नयेत यासाठी देशात कायदा आहे आणि बांधकामाची संहिताही आहे. आपल्यापैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल. कारण ही संहिता आपल्या वस्तीपर्यंत पोहोचू नये अशाच बेताने तिच्या मर्यादा आखल्या गेल्या आहेत.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. त्याखाली २००७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी संहिता आली आणि २०१७ साली ती सुधारली गेली. राहत्या घरांचा विचार व्हायला डिसेंबर २०१८ उजाडले. त्या संहितेचे नाव इको निवास संहिता. नाव मोठे गोड, पण तिचा पहिला भाग लागू होतो तो ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींना. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारती थेट कायद्याच्या कक्षेत आल्या. तिथेही अट १०० किलोवॅट जोडभाराची. मोहाडी, लाखांदूर, पवनी तालुक्यांतील घरकुलात दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही आणि उसनवारीने आणलेला कूलर असतो. त्याचा आणि १०० किलोवॅटचा संबंध काय? राज्याला ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार त्याच कायद्याने दिला आहे, हे मात्र लक्षात ठेवावे.

या संहितेत आपल्या कामाचे काही नाही असे कुणी समजू नये. ती छताबद्दल अगदी नेमके बोलते. छतातून आत येणाऱ्या उष्णतेचे माप तिने ठरवून दिले आहे: दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकामागे १.२ वॅटपेक्षा जास्त नको. वर काहीही न घातलेल्या साध्या सहा इंची स्लॅबचा हिशेब केला तर हा आकडा तीनच्याही वर जातो. म्हणजे ज्याला आपण पक्के घर म्हणतो, त्याचे छत संहितेच्या अडीच-तीन पट उष्णता आत सोडते. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्री उष्णता खाली ओततो, म्हणून माणसे खाटा घेऊन अंगणात येतात. अंगण नसेल तर रस्त्याकडेला येतात. बाळंतीण, म्हातारे आणि दुखणाईत आतच राहतात.

इथे शहरातले काही पर्यावरणवादी लगेच सांगू लागतील की जुनी मातीची, कवेलूची घरेच बरी होती, थंड होती. थंड होती हे खरे. पण दर उन्हाळ्यात कवेलू फेरावे कुणी लागत होते? गळत्या छताखाली भांडी मांडून रात्र कुणी काढली? विंचू-सापाची भीती कुणाच्या लेकरांना होती? स्लॅबचे घर ही आपल्या माणसाच्या मानाची गोष्ट आहे आणि याच जिल्ह्यात तिची किंमत मोजली गेली आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची हत्या झाली. त्या कुटुंबाला पक्के घर बांधण्यास गावातून आडकाठी होती, हे तेव्हाच्या सत्यशोधन अहवालांत आलेले आहे. तेव्हा बांधकामाची परवानगी म्हणजे अभियंत्याची सही आणि शुल्काची पावती एवढीच बाब आहे, असे भंडारा जिल्ह्यातील माणसाला सांगू नये. ती गावातील जागेची, नमुना आठवरील नोंदीची आणि सरपंचाच्या मर्जीची बाब होती. पुष्कळ ठिकाणी आजही आहे.

आता बिल्डर कोण ते पाहू. बिल्डर म्हटले की पांढरी गाडी आणि गळ्यात साखळी डोळ्यांपुढे येते. परंतु प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण नियमांनुसार घरकुलाचे काम ठेकेदाराकडून करून घ्यायचे नाही, लाभार्थ्यानेच घर बांधायचे आहे. म्हणजे कागदोपत्री या जिल्ह्यातील सर्वात मोठा बिल्डर म्हणजे ती मजुरी करणारी बाई, जिच्या नावावर घरकुल मंजूर झाले. तिला किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे घर उभारायचे आहे आणि अनुदान १ लाख २० हजार. हप्ता मिळावा म्हणून पायाचा फोटो, भिंतीचा फोटो, छताचा फोटो. फोटोत छत दिसले की काम झाले. त्या छतावर उष्णता अडवणारे काही घातले का, समोरासमोर खिडक्या ठेवल्या का, हे बघणारा रकाना त्या अर्जात नाही. रकाना नाही म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून गावच्या मिस्त्रीलाही ते शिकण्याची गरज वाटली नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना तिने परवानगीच्या फेऱ्यांतून बरीच मोकळीक दिली. नकाशा, स्वयंघोषणा आणि शुल्काची पावती यांवर काम सुरू करता येते. ही चांगली गोष्ट आहे, कारण फेऱ्या कमी झाल्या की टेबलाखालचा व्यवहारही घटतो. पण त्याच नियमावलीतील हरित इमारतीची सवलत पाहा. प्रमाणपत्राच्या दर्जानुसार तीन, पाच, सात टक्के वाढीव चटईक्षेत्र. ज्याच्यापाशी प्रमाणपत्राला पैसा आहे त्याला वर बक्षीस! तुमसर किंवा साकोलीला चार-सहा घरांची कामे घेणारा आपला होतकरू तरुण ठेकेदार या स्पर्धेत कुठे बसतो? त्याला ही संहिता म्हणजे आणखी एक कागद वाटते. त्यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याच्या गिऱ्हाइकानेही त्याला छताबद्दल कधी विचारलेले नसते.

आणि नियम फक्त कागदावर राहिले की काय होते, हे भंडाऱ्याने पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १७ बालके होती, त्यांतील १० गेली. ती इमारत शासनाची होती आणि अग्निसुरक्षेचा २००६ चा कायदा राज्यात होता. उष्णतेने होणारे मरण असे एका रात्रीत दहाजणांना नेत नाही. एकेकाला नेते, आणि दाखल्यावर कारण वेगळेच लिहिले जाते. म्हणून त्याची चौकशी समितीही बसत नाही.

विजेचा प्रश्न हा चळवळीचा विषय नव्हे असे कुणी म्हणेल तर त्याने बाबासाहेबांचे मजूरमंत्रिपदाचे काम वाचावे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात वीज धोरण त्यांच्याच खात्याकडे होते, आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये पुनर्रचना समितीपुढे त्यांनी स्वस्त व मुबलक विजेची बाजू मांडली होती. (ज्या भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत त्यांना लोकसभेत जाऊ दिले नाही, त्या भंडाऱ्याच्या शेजारी आज तिरोडा आणि मौद्याची औष्णिक केंद्रे धूर सोडत आहेत. राख आपल्या पदरात आणि बिलही आपल्याच पदरात.)

राज्य शासनाने २०२५ साली घरकुलाला ५० हजारांची भर घातली, त्यांतील १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. स्वागतच आहे. पॅनेलची थोडी सावलीही स्लॅबला मिळेल. पण पॅनेल छताचा एक कोपरा झाकतो, उरलेला स्लॅब तसाच तापतो. तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छताचे धोरण काढले आणि सरकारी योजनेतील गरिबांची घरेही त्यात घेतली. तेलंगणा काही परदेश नव्हे. महाराष्ट्राला नकाराचे कारण शोधावे लागेल.

मागणी मोठी नाही. रमाई आवास असो की प्रधानमंत्री आवास, घरकुलाच्या अंदाजपत्रकात छताच्या उष्णतारोधनाची स्वतंत्र रक्कम हवी. दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचा फोमचा थर आणि त्यावर संरक्षक कोबा घातला तर संहितेचे १.२ चे माप साधते. तेवढेही जमत नसेल तिथे निदान दर उन्हाळ्यापूर्वी पांढऱ्या चुन्याचा हात मारण्याचा खर्च द्यावा. छताच्या हप्त्याच्या पाहणीत त्याचा रकाना घालावा. आणि मिस्त्रींच्या प्रशिक्षणात हा एक दिवस वाढवावा.

हे ग्रामसभेच्या ठरावाने वर पाठवता येते. १ मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर अर्ज एप्रिलमध्येच ग्रामपंचायतीत द्यावा आणि त्याची पोच मागून घ्यावी.