डाव्या पायाचा फुटबॉल

दसऱ्याचे प्रदर्शन उठले की हिंगोलीचे रामलीला मैदान चार दिवस उदास दिसते. मग क्रिकेटवाली पोरे त्याचा ताबा घेतात. परवा त्यांच्यातल्या एकाने फुटबॉल आणला होता. पण दहा मिनिटांतच तो यष्टींमागे धोंड्यासारखा पडून राहिला आणि मला आजोबांची आठवण झाली.

आजोबा फुटबॉल खेळत, असे सांगितले की आमचे सहप्राध्यापक हसतात. म्हणतात, हिंगोली आणि फुटबॉल! पण वाचकहो, मराठवाड्याचे विद्यापीठ तेव्हा उस्मानिया होते. औरंगाबादला १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत तेच. आजोबा १९४६ साली पूर्णेला गाडी बदलून काचीगुड्याला उतरले. शिकायचे उर्दूतून आणि खेळायचे तर फुटबॉल, कारण त्या शहराला त्याचे वेडच होते.

पुढच्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थांच्या चळवळीत कॉलेज सोडणाऱ्या मुलांत तेही होते. रझाकारांच्या धामधुमीचे दिवस त्यांनी वऱ्हाडात नातलगांकडे काढले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला आणि १९४९ साली आजोबा पुन्हा वर्गात जाऊन बसले. कॉलेजच्या संघात त्यांना उजवी कडा मिळाली. त्यांच्या शेजारी आत खेळे एक हैदराबादी मुलगा. त्याचा थोरला भाऊ रझाकारांत होता.

“त्याला मी चेंडू देत नसे,” आजोबा सांगत. “एकटाच घेऊन पळे, आणि हरवून बसे.” संघ सामन्यामागून सामना हरत होता. कारण सगळ्यांना ठाऊक होते, पण बोलणार कोण?

त्याच शहरात सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक गृहस्थ होते. उस्मानियाचेच पदवीधर आणि पेशाने शाळामास्तर. पुढे सिटी पोलिसांच्या संघाचे गुरू म्हणून त्यांचे नाव झाले. हे रहीमसाहेब विलक्षण स्पर्धा भरवीत. एकीत चेंडू पायाशी घोळवायला बंदी, आला की दुसऱ्याला द्यायचा. दुसरीत फक्त दुबळ्या पायाने खेळायचे. आजोबांच्या कप्तानाने हे दोन्ही नियम सरावात आणले. घोळवायची बंदी झाली, तेव्हा देणार कोणाला? जवळ मोकळा उभा तोच एक! आजोबांनी डाव्या पायाने, वाकडातिकडा का होईना, चेंडू त्याला दिला. त्याने तो तसाच परत दिला. बोलणे मात्र हंगाम संपेपर्यंत झाले नाही. अखेरचा सामना तेवढा ते जिंकले, आणि दोघे एकाच टांग्यातून वसतिगृहावर आले. भाडे कोणी द्यायचे यावरून पहिले संभाषण झाले म्हणे.

१९५० साली सिटी पोलिसांनी ड्युरंड करंडकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला हरवले. मुंबईचा रोव्हर्स करंडक तर त्यांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे नेला. आजोबा तोवर हिंगोलीत मास्तरकीला लागले होते. वर्तमानपत्रात ते पोलीस संघातली नावे एकेक करून तपाशीत. ते एक नाव त्यात कधी आले नाही. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. आनंदाचीच गोष्ट ती, पण आमच्या पोरांचे हैदराबादला जाणे हळूहळू सुटले. माझ्या मते फुटबॉल सुटला तोही तेव्हाच.

जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत रहीमसाहेबांच्या भारतीय संघाने ४ सप्टेंबर १९६२ रोजी दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. कर्करोगाने त्यांना तेव्हा पोखरले होते. पुढल्या जूनमध्ये ते गेले. जकार्ताची बातमी आली त्या रात्री आजोबांनी कंदील मोठा केला आणि त्या जुन्या सोबत्याला चांगले चार पानी पत्र लिहिले. पत्ता वसतिगृहाच्या वेळचा.

महिन्याभराने ते पत्र परत आले. त्यावर ‘मालक सापडत नाही’ असा शेरा होता. आजोबांनी पाकीट फोडले नाही. ते गेल्यावर ट्रंक आवरताना मी फोडले. मजकूर उर्दूत आहे. मी मराठीचा एम. ए.; मला त्यातले अक्षरही लागत नाही.