इमान भाकितांवर टांगू नका

'बायबलमध्ये आमच्या पैगंबरांचं नाव आहे, ख्रिस्ती लोकांनी ते लपवून ठेवलंय.' हा मेसेज तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी आला असेल. सोबत तीन-चार वचनांचे आकडे असतात आणि शेवटी 'सुभानअल्लाह, पुढे पाठवा'. माझं म्हणणं सरळ आहे. हा पुरावा नाही. आणि ज्या पोराचं इमान यावर उभं आहे, त्याचं इमान एका संध्याकाळच्या वाचनाने हलू शकतं.

मी नांद्यात राहतो. हिंजवडी जवळ असल्यामुळे आमच्या सोसायटीत सगळीकडची माणसं आहेत. त्यात मूळ नगरकडचं एक मराठी ख्रिस्ती कुटुंब आहे. आमच्यातल्याच कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने तिथल्या काकांना गीतरत्न ५:१६ पाठवलं. हिब्रूत तिथे 'महमद्दीम' शब्द आहे, म्हणजे झालं सिद्ध! काका चिडले नाहीत. त्यांनी मराठी पवित्र शास्त्र काढलं आणि म्हणाले, "बाळा, पूर्ण अध्याय वाच." अध्यायात एक तरुणी आपल्या प्रियकराचं वर्णन करते: काळे कुरळे केस, गाल, ओठ, पाय. त्या शब्दाचा अर्थ 'मनोहर', 'हवाहवासा'. हाच शब्द एकवचनात यहेज्केल २४:१६ मध्ये येतो आणि तिथे तो संदेष्ट्याच्या बायकोबद्दल आहे, जी त्याच दिवशी मरणार आहे. तिथेही आपण पैगंबरांचं नाव वाचणार का?

बाकीची वचनंही अशीच. योहान १४:१६ मधला 'कैवारी' म्हणजे हजरत मुहम्मद (स.), असं सांगतात. पण लगेच पुढचं वचन त्याला सत्याचा आत्मा म्हणतं, आणि २६व्या वचनात तो पवित्र आत्मा आहे हे नाव घेऊन सांगितलंय. अनुवाद १८:१८ मध्ये मूसांसारखा संदेष्टा 'त्यांच्या भावांमधून' येईल असं आहे. भाऊ म्हणजे इस्माईलचे वंशज, हा आपला अर्थ. एकच अध्याय मागे जा. अनुवाद १७:१५ मध्ये राजा 'भावांमधून' नेमा, परका नको, असं बजावलंय. तिथे भाऊ म्हणजे इस्राएलीच.

त्याहून मोठी गोची वेगळी आहे. एका तोंडाने आपण म्हणतो की बायबलमध्ये तहरीफ झाली, फेरफार झाले. दुसऱ्या तोंडाने त्याच बायबलमधली चार वचनं बावनकशी सोनं म्हणून दाखवतो. साक्षीदार खोटारडा आहे असं कोर्टात ओरडायचं आणि त्याच्याच साक्षीवर खटला जिंकायचा!

ही सवय जुनी आहे. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांनी पाद्री फांडर यांच्याशी जाहीर वाद घातला. बायबलच्या प्रतींमध्ये फरक आहेत हे त्यांनी युरोपीय अभ्यासकांच्याच पुस्तकांतून दाखवलं आणि फांडर यांना काही बाबी कबूल कराव्या लागल्या. कंपनी सरकारच्या राज्यात हे धाडसच होतं. पण पुढे त्यांनी लिहिलेल्या 'इजहारुल हक' या ग्रंथात त्याच बायबलमधून पैगंबरांबद्दलची अठरा भाकितंही काढलेली आहेत. तो ग्रंथ दक्षिण आफ्रिकेत अहमद दीदात यांच्या हाती लागला. ते १९१८ मध्ये सुरतेजवळच्या ताडकेश्वरला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, जन्मले होते. दीदातांचा वारसा मुंबईच्या झाकीर नाईकांनी चालवला, आणि तिथून ही वचनं आपल्या फोनमध्ये आली. मिशनरी दारात उभे असताना कैरानवींनी उचललेली ढाल आपण आज शेजाऱ्याच्या डोक्यात घालतोय.

मग भाकीत खरं ठरलं असं कधी म्हणायचं? याचा धडा पुण्यातच मिळतो. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे कुंडल्या जमवल्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून उत्तरं दिली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवून ५० मिळाले असते. इथे महत्त्वाची गोष्ट म्हणजे उत्तर आधी द्यायचं होतं, स्पष्ट द्यायचं होतं, आणि नंतर अर्थ फिरवायला जागा नव्हती. भेंडवळच्या घटमांडणीला आपण अंधश्रद्धा म्हणून हसतो ना? मग तीच फूटपट्टी इथेही लावा.

ख्रिस्ती बांधवांनाही ती लागते. यशया ७:१४ मधून ते कुमारीच्या पोटी येशूचा जन्म काढतात. मूळ हिब्रू शब्द 'आल्मा', म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात त्याची कुमारी झाली. आणि ती खूण दिली आहे आहाज राजाला, त्याच्यावर चालून आलेल्या दोन राजांबद्दल. सातशे वर्षांनंतरची खूण त्या बिचाऱ्याच्या काय कामाची? यहेज्केल २६ मध्ये नबुखद्नेस्सर सोर शहर धुळीला मिळवेल असं आहे. २९व्या अध्यायात तोच संदेष्टा सांगतो की त्याच्या सैन्याला सोरेतून काही मोबदला मिळाला नाही. सोर आजही लेबनॉनमध्ये नांदतं शहर आहे.

आता घरचं. सूरह रूममध्ये हरलेले रोमन काही वर्षांत जिंकतील असं येतं. ६१४ मध्ये त्यांनी जेरुसलेम गमावलं, ६२७ मध्ये निनवेला ते जिंकले. हे भाकीत गीतरत्नापेक्षा कितीतरी स्पष्ट आहे, हे मी मानतो. पण आयत नेमकी केव्हा उतरली, याची साक्ष आपल्याच रिवायतींतून येते, आणि परका माणूस ती मागणार. त्याने ती मागितली म्हणून त्याला इस्लामचा शत्रू ठरवू नका.

"पण कुरआनच सांगतो की हजरत ईसांनी अहमदची खुशखबर दिली." हो, सूरह सफ्फमध्ये. मुसलमान ते मानतो, कारण तो कुरआन मानतो. शेजारच्या काकांना ते मानायला लावण्यासाठी त्यांच्या ग्रंथातल्या प्रेमगीताची मोडतोड करणं हा वेगळा उद्योग आहे. उद्या कुणी आपल्या आयतीतला अर्धा शब्द उचलून तुम्हाला तुमचाच धर्म शिकवायला आला तर कसं वाटेल?

बायबलवरही हे थांबत नाही. भविष्यपुराणात 'महामद' आला आहे, म्हणून हिंदू मित्रांना तेही पाठवलं जातं. त्याच पुराणाच्या त्याच भागात अकबर आहे, इंग्रजही आहेत, म्हणून तो भाग फार उशिरा लिहिला गेला असं अभ्यासक मानतात. आणि त्या 'महामद'ला तिथे म्हटलंय काय? त्रिपुरासुराचा पुनर्जन्म. आपली पोरं अभिमानाने फॉरवर्ड करतात ते हेच पान, फक्त वरच्या दोन ओळी कापून.