दोन थेंब म्हणजे नक्की किती?

"नैसर्गिक आहे, काही होत नाही." या पाच शब्दांवर माझा फार जुना राग आहे. बिब्बा नैसर्गिकच असतो, आणि तो उतला की काय होतं ते आपल्या आज्या सांगून गेल्यात. धोतरा महादेवाला वाहतो, म्हणून तो कुणी चहात घालत नाही. पण सध्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जे 'विजया तेल' फिरतंय, त्याच्या बाबतीत मात्र हे पाच शब्द म्हटले की सगळ्यांचं समाधान होतं. झोप येत नाही? विजया. गुडघे दुखतात? विजया. सुनेशी पटत नाही? बहुधा तिलाही विजयाच सुचवतील. :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विजया म्हणजे भांग. गांजा, चरस आणि भांग एकाच झाडाच्या. फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस, पानांची भांग. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस धरले, पण नुसती पानं आणि बिया व्याख्येतून वगळल्या. या फटीतून पानांचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून बाजारात आला. व्हिडिओवर पाच मिनिटं वैद्यांशी बोला, चिठ्ठी घ्या, बाटली घरपोच. बेकायदा म्हणून मी हे सांगत नाहीये. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगसुद्धा येते, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.) माझं भांडण औषधाशी नाही. माझं भांडण त्याच्या मापाशी आहे. खरं तर माप नसण्याशी.

आमच्या आत्याकडची बाटली मी हातात घेऊन पाहिली. "रात्री झोपताना २ ते ५ थेंब." बरं, थेंब म्हणजे किती? समजा ३० मिलिलिटरच्या बाटलीवर १५०० मिलिग्रॅम लिहिलंय. म्हणजे एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर एका थेंबात अडीच मिलिग्रॅम. तेवढ्याच बाटलीवर ६००० लिहिलं असेल तर एका थेंबात दहा. म्हणजे एकीचे "पाच थेंब" साडेबारा मिलिग्रॅम आणि दुसरीचे पन्नास! त्यात वीस थेंब हा अंदाज. तेल किती दाट आहे, ड्रॉपरचं तोंड केवढं आहे, आत्याचा हात किती थरथरतोय, यावर तो बदलणार.

आणि हे गणित तरी कशाचं? अर्काचं! अर्कात काय आहे ते वेगळंच. या झाडात दोन मुख्य द्रव्यं. एक टीएचसी, ज्याने नशा होते, नाडी जलद होते, डोकं गरगरतं. दुसरं सीबीडी, ज्याने नशा होत नाही. १५०० मिलिग्रॅम अर्कात यातलं कोणतं किती, हे लिहिलं नसेल तर त्या १५०० ला काहीही अर्थ नाही. "पिशवीत दोन किलो सामान आहे" असं सांगण्यासारखं ते. साखर आहे की मीठ, ते कोण सांगणार?

आत्याने विकणाऱ्यांना फोन लावला, स्पीकरवर. मी विचारलं, यात टीएचसी किती मिलिग्रॅम आहे? उत्तर आलं, "मॅडम, हे हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. हसण्यावारी नेलं असतं, पण आत्याला हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, वॉरफरिन. तिच्यासाठी ती दर थोड्या दिवसांनी रक्त तपासते आणि आकडा इकडचा तिकडे झाला की गोळी पाव-अर्धी बदलते. सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइमांना अडवतं, त्यातलीच काही वॉरफरिनचा निचरा करतात. निचरा मंदावला की रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होतं. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्यात. त्या पाच मिनिटांच्या बोलण्यात आत्याला दुसरी औषधं विचारलीच नव्हती. तिनेही सांगितली नाहीत, कारण "हे काय औषध आहे का, वनस्पती आहे!"

आता तुम्ही म्हणाल, आयुर्वेदाला नावं ठेवतेस का? उलट! मी आयुर्वेदाच्या बाजूने बोलतेय. आपल्या ग्रंथांनी या झाडाला कधी साधी पालेभाजी मानलं नाही. शारंगधरसंहितेत 'व्यवायी' द्रव्याचं, म्हणजे आधी अंगभर पसरतं आणि मग पचतं अशा द्रव्याचं, उदाहरण म्हणून भांग आणि अफू दिली आहेत. रसशास्त्रात तिला उपविषात बसवलंय. वापरायच्या आधी शोधन सांगितलंय. मात्रा गुंजेत मोजायची, आणि एक गुंज म्हणजे साधारण १२५ मिलिग्रॅम. शिवाय प्रकृती, वय, काळ, अनुपान बघायचं. एवढी मोजदाद करणाऱ्या शास्त्राचं नाव घेऊन "दोन ते पाच थेंब, कसंही घ्या" म्हणणाऱ्यांनी आयुर्वेदाचा फक्त शिक्का उचललाय.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या १९४५ च्या नियमांत शेड्यूल ई(१) नावाची विषारी द्रव्यांची यादी आहे. तिच्यात बचनाग आहे, कुचला आहे, धोतरा आहे, वर सांगितलेला बिब्बा आहे आणि भांगही आहे. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर लेबलवर ठळक इशारा छापावा लागतो की वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे. जाहिरातीतल्या गुलाबी फुलांच्या बाजूला हा इशारा शोधून बघा. मी शोधला. चष्मा लावून सापडला.

"हजारो वर्षं लोक घेतायत." घेतायत ना. पण कसं घेतायत? महाशिवरात्रीला थंडाई प्यायलेल्या कुणालाही विचारा. अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून दुसरा पेला घेतला आणि मग रात्रभर भिंत धरून बसला, अशी एक तरी गोष्ट प्रत्येक घरात आहे. यात दैवी काही नाही. टीएचसी पोटातून गेलं की असर जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत लागतात, यकृतात त्याचं आणखी जोरदार रूप तयार होतं आणि मग ते कित्येक तास टिकतं. विशीतला पोरगा भिंत धरून बसेल. सत्तरीतली बाई रात्री बाथरूमला जायला उठेल आणि पडेल. खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं ते सांगायला नको.

इतिहासच काढायचा तर पूर्ण काढू. १८३९ साली कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने भांग-गांजाचे औषधी उपयोग पाश्चात्त्य वैद्यकासमोर मांडले. आधी प्राण्यांवर, मग रुग्णांवर, ग्रेनच्या मापात मोजून. त्यानंतर गांजाचा अर्क इंग्लंड-अमेरिकेत औषध म्हणून विकला जायचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो औषधकोशांतून गेला. कडक कायदे आले, नवी औषधं आली, ही कारणं होतीच. पण डॉक्टरांची एक मोठी तक्रार अशी होती की एका बाटलीने काहीच होत नाही आणि दुसरीने रोगी बरळतो. मोजणार तरी काय? टीएचसी वेगळं काढून त्याची रचना कळली १९६४ मध्ये, इस्राएलमध्ये, राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांच्या हातून. म्हणजे आज आपल्याला मोजता येतं. मोजता येत असताना न मोजणं हा आळस आहे, किंवा धंदा.

मोजल्यावर काय दिसतं तेही ऐका. सीबीडीचं एक खरंखुरं औषध आहे, एपिडायोलेक्स. अमेरिकेत २०१८ मध्ये ते लहान मुलांच्या दोन दुर्मिळ, हट्टी अपस्मारांसाठी मंजूर झालं. सुरुवात वजनाच्या दर किलोला रोज ५ मिलिग्रॅमने, आठवड्याने १०. म्हणजे २० किलोच्या पोराला दिवसाला २०० मिलिग्रॅम! आणि एवढं देताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. ब्राझीलमध्ये ५७ निरोगी पुरुषांना भाषण करायला लावून एक प्रयोग झाला, २०१९ मध्ये छापून आला. सीबीडीच्या १५०, ३०० आणि ६०० मिलिग्रॅमच्या मात्रा दिल्या. घबराट कमी झाली ती फक्त ३०० ला. १५० ला नाही, ६०० लाही नाही. जास्त घेतलं की जास्त गुण येतो, हा हिशोबच इथे चालत नाही.

आता आपले साडेबारा मिलिग्रॅम आठवा. ज्या मात्रेला गुण आल्याचा पुरावा आहे तिच्या जवळपासही थेंब पोचत नाहीत. आणि तिथवर पोचायला बाटली तोंडाला लावली तर यकृत तपासायची वेळ येते, शिवाय टीएचसी किती गेलं ते देवाला ठाऊक. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याने निरोगी प्रौढांसाठी सीबीडीची रोजची मर्यादा २०२० मध्ये ७० मिलिग्रॅम सांगितली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये १० वर आणली. रोज, वर्षानुवर्षं घेतलं तर यकृताचं काय, हीच काळजी. आपल्याकडे मात्र "लहान मुलांनाही चालतं" म्हणणारे काका आहेत.

परदेशातली भावंडं म्हणतील, आमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं. कॅलिफोर्नियात दुकानातल्या गमीवर खरंच लिहिलेलं असतं, एका तुकड्यात टीएचसी १० मिलिग्रॅमच्या वर नाही, पाकिटात १०० च्या वर नाही. ते चांगलंच आहे. पण ऑनलाइन सीबीडीचं काय? २०१७ मध्ये तिकडच्याच संशोधकांनी ऑनलाइन विकली जाणारी ८४ उत्पादनं तपासली. लेबलाप्रमाणे निघाली फक्त २६. छत्तीसमध्ये लिहिल्यापेक्षा जास्त सीबीडी होतं, बावीसमध्ये कमी. अठरांमध्ये टीएचसी सापडलं. आणि हो, त्या गमी "आईच्या गुडघ्यांसाठी" बॅगेत टाकून आणू नका. तिथे दुकानात मिळतं ते इथे विमानतळावर अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं.

दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही मला बोलायचंय. "गांजेकसांचे धंदे" म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी. तुमच्यामुळे लोक लपवतात. आत्याने आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना बाटलीबद्दल सांगितलं नाही ते लाजेपोटी. केमोच्या उलट्यांसाठी टीएचसीचं कृत्रिम रूप अमेरिकेत १९८५ पासून औषध म्हणून आहे. अपस्माराचं वर सांगितलंच. रात्र रात्र तळमळणाऱ्या माणसाने काही करून बघावंसं वाटलं तर त्याला गांजेकस म्हणणं क्रूर आहे. त्याच्या दुखण्याची चेष्टा करू नका. त्याच्या बाटलीची चौकशी करा.

"पण आमच्या शेजारणीला गुण आला!" आला असेल, मला आनंदच आहे. पण तिला किती मिलिग्रॅमला आला, सीबीडीने आला की टीएचसीने, की पंधरा दिवस चहा आठनंतर बंद केल्याने आला, हे तिलाही माहीत नाही. मग तिचा गुण तुमच्या बाटलीत कसा येणार?

तेव्हा मंडळी, बाटली घेण्याआधी एवढं विचारा:

१. हे बियांचं तेल आहे की पानांचा अर्क? (बियांचं तेल हे खाद्यतेल. त्यात ही द्रव्यं नावालाच असतात.)
२. एका मिलिलिटरला सीबीडी किती आणि टीएचसी किती, मिलिग्रॅममध्ये?
३. याच बॅचचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट आहे का?
४. मी घेते त्या गोळ्यांबरोबर चालतं का? विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, फिटच्या, झोपेच्या.

पहिल्या तिघांची उत्तरं विकणाऱ्याने द्यायची. चौथ्याचं तुमच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून घ्यायचं. एकाचंही उत्तर नसेल तर बाटली परत. उत्तरं मिळाली तर डॉक्टर सांगतील तेवढीच, अगदी थोड्यापासून सुरुवात, थेंबाने नाही तर आकडे असलेल्या सिरिंजने. वाढवायचं तर काही दिवस थांबून. रोज जेवणाशी एकाच वेळी, कारण तूप-तेलाच्या जेवणाबरोबर सीबीडी रिकाम्या पोटापेक्षा कितीतरी पटीने जास्त अंगात उतरतं. आणि वहीत लिहून. गरोदर बाई असेल, लहान मूल असेल किंवा घरात कुणाला मनाचा मोठा आजार असेल, तर आपल्या मनाने अजिबात नाही.

आत्याची बाटली सध्या कपाटात आहे, रक्ताचा आकडा ठीक आहे. झोप अजूनही नीट येत नाही, त्याबद्दल ती डॉक्टरांशी बोलणार आहे. मामांनी परवा ग्रुपवर पुन्हा "नैसर्गिक आहे" लिहिलंय. मी खाली एवढंच विचारलं, "किती मिलिग्रॅम?" अजून उत्तर आलेलं नाही.