पाण्यात उतरू नका, म्हणे!

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महापालिकेच्या सूचना सुरू होतात. साचलेल्या पाण्यातून चालू नका. पायाला जखम असेल तर झाकून घ्या. पाणी उकळून प्या. ताप अंगावर काढू नका. सूचना चांगल्याच आहेत, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण ज्या बाईसाठी त्या लिहिल्या जातात, तिचा दिवस कसा जातो हे कुणी बघितलंय का?

अंधेरी सबवेत पाणी भरलं म्हणून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला भरपगारी सुट्टी मिळत नाही. शाळा मध्येच सुटली की गुडघाभर पाण्यातून पोराला आणायला बहुतेक घरांतून आईच निघते. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल उपसायचा, भिजलेली गोधडी धुवायची, ते कामही तिच्याकडेच. मग 'पाण्यात उतरू नका' हे तिनं पाळायचं तरी कसं?

तुम्ही म्हणाल, हे मुंबईचं झालं, आम्हा लहान गावातल्या बायकांना त्याचं काय? सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण बुडालं. पूर आता फक्त टीव्हीवर बघायची गोष्ट राहिलेली नाही. आणि पुराच्या पाण्यामागून जे आजार येतात, त्यांचा सगळ्यात मोठा धडा मुंबईच्या उपनगरांनी घेतला आहे. तो आपल्यालाही उपयोगी पडेल.

२६ जुलैनंतर आलेला आजार

मुंबई उपनगर म्हणजे मूळचं साष्टी बेट. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. मधोमध डोंगर आणि त्यावरून उतरणाऱ्या दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी या नद्या. आपण त्यांना आता नाले म्हणतो, ही गोष्ट वेगळी. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाण्याला समुद्रात जायला वाट उरत नाही, ते वस्तीत शिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा हेच झालं. साकीनाक्याला दरड कोसळून कितीतरी घरं गाडली गेली.

पाणी उतरलं, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि ऑगस्टमध्ये दवाखाने तापाच्या रुग्णांनी भरून गेले. लेप्टोस्पायरोसिस हा जिभेला न पेलणारा शब्द तेव्हा घराघरांत पोचला.

हा आजार होतो कसा? उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून जंतू पाण्यात आणि चिखलात उतरतात. पायाला भेग असेल, खरचटलं असेल, तर तिथून ते शरीरात शिरतात. साधारण आठ-पंधरा दिवसांनी ताप येतो, कधी त्याहून लवकर तर कधी महिन्यानेही. डोकं फुटतं, अंग मोडून येतं, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. बाई म्हणते, "भिजले ना, थंडी भरली असेल." घरातली गोळी घेते आणि कामाला लागते. तेवढ्यात जंतू यकृत, मूत्रपिंड आणि फुप्फुसांपर्यंत पोचलेले असतात. सुरुवातीलाच साध्या अँटिबायोटिक्सनी बरा होणारा हा आजार उशीर झाला तर जीव घेतो.

म्हणून महापालिकेचे डॉक्टर आता सांगतात, की पाण्यातून चालावं लागलं तर ताप यायची वाट बघू नका. चोवीस ते बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना भेटा आणि प्रतिबंधाची गोळी घ्या. एकदाच चालला असाल आणि पायाला जखम नसेल तर एक वेळचा डोस. जखम असेल तर तीन दिवस. रोजचं कामच पाण्यात असेल तर आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. मोठ्यांना सहसा डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही, त्यांचं औषध वेगळं. म्हणूनच शेजारणीची उरलेली गोळी घ्यायची नाही, डॉक्टरलाच विचारायचं.

बहात्तर तासांत दवाखाना गाठायचा कसा?

इथे खरी गोम आहे. गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात तर फुकट मिळते. पण बहात्तर तास म्हणजे तीन दिवस. सकाळची ओपीडी, लांबलचक रांग आणि बाईच्या कामाची वेळ नेमकी तीच. रांगेत उभं राहायचं तर एक खाडा. तीन घरी खाडा झाला की चौथ्या घरची बाई विचारते, "उद्यापासून दुसरी बघू का?" मग बाई काय निवडणार? पोट आधी, पाय नंतर.

शिवाय दवाखाने आहेत कुठे ते बघा. अंधेरी-घाटकोपर ही उपनगरं १९५० मध्ये, बोरिवली-मुलुंड १९५७ मध्ये महापालिकेत आली. माणसं सरकत सरकत उत्तरेला गेली. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख लोक होते आणि उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांच्या वर. म्हणजे चार मुंबईकरांतले तीन उपनगरातले. पण केईएम परळला, नायर मुंबई सेंट्रलला, सायन रुग्णालय सायनला आणि साथीच्या आजारांचं कस्तुरबा सात रस्त्याजवळ. ही सगळी जुन्या शहराच्या हद्दीत. उपनगरात महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय आलं ते कूपर रुग्णालयाला जोडून, २०१५ मध्ये! घाटकोपरला राजावाडी आहे, पण तिथे गर्दी मावत नाही. बोरिवलीचं भगवती आणि मुलुंडचं एम. टी. अग्रवाल या दोन्ही रुग्णालयांच्या पुनर्बांधणीला वर्षानुवर्षं लागली आणि तेवढ्या काळात रुग्णांना दुसरीकडे धाव घ्यावी लागली.

गोराई-मनोरीकडे तर खाडी आडवी येते. मोठ्या रुग्णालयात जायचं तर होडीने बोरिवलीला किंवा मार्वेला उतरा, नाहीतर भाईंदरवरून वळसा घाला. पावसाळी रात्री बाळंतवेणा सुरू झालेल्या बाईनं काय करायचं, याचं उत्तर सूचनांच्या कागदावर नसतं.

थोडं बदललंय हेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०२२ पासून महापालिकेने 'आपला दवाखाना' सुरू केला, त्याची संख्या दोनशेच्या वर गेली. तपासणी, औषधं, १४७ प्रकारच्या चाचण्या मोफत. मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती वेळ. यातले काही दवाखाने दुपारी उघडून रात्री दहापर्यंत चालू असतात. कामावरून परतताना बाई तिथे डोकावू शकते. वेळेचा असा विचार आधी का सुचला नाही, एवढंच विचारावंसं वाटतं.

दारात येणारी बाई

मात्र बहात्तर तासांचं गणित सुटतं ते दुसऱ्याच एका बाईमुळे. वस्तीत दारोदार फिरणारी आरोग्य सेविका. कुणाकडे ताप आहे, कुणाच्या पिंपात अळ्या आहेत, कोण गरोदर आहे, हे तिला तोंडपाठ. डॉक्टरांचं पत्रक जे काम करत नाही ते तिचं एक वाक्य करतं. "काल पाण्यातून आलीस ना? चल, गोळी घ्यायला." कारण ती त्याच वस्तीतली असते आणि कदाचित आदल्या दिवशी त्याच पाण्यातून आलेली असते.

आणि तिची किंमत काय? मुंबईत अशा सेविका हजारोंनी आहेत, पण वर्षानुवर्षं त्या 'स्वयंसेविका'. पगार नाही, मानधन. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन यासाठी त्यांच्या संघटनेला मोर्चे काढावे लागले, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. कोविडमध्येही घरोघर गेल्या त्या याच. बाईनं केलेलं काम म्हणजे सेवा आणि सेवा म्हणजे फुकट, हे समीकरण घरातून थेट महापालिकेत पोचलंय, नाही का?

तक्रार करायची म्हटलं तर आणखी एक अडचण होती. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महापालिकेवर दीर्घकाळ प्रशासकच होता. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असलेल्या महापालिकेत त्या काळात एकही नगरसेविका नव्हती. नाला तुंबला, मॅनहोलचं झाकण गेलं, तर बाईनं कुणाचं दार वाजवायचं? उघड्या मॅनहोलची भीती खोटी नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर असेच वाहून गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये अंधेरीत कामावरून घरी निघालेली एक बाई उघड्या गटारात पडून गेली.

आपल्या गावात विचारायचे प्रश्न

सिंधुदुर्गातल्या बायकांना लेप्टो नवा नाही. भातलावणीला दिवस दिवस चिखलात उभं राहणाऱ्या बाईला मुंबईच्या बाईइतकाच धोका. म्हणून पावसाआधीच्या ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत जाऊन चार गोष्टी विचारा. प्रतिबंधाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात आल्या आहेत का? दवाखाना संध्याकाळी उघडा राहील का? आशाताईंचं मानधन वेळेवर मिळतंय का? रस्ता बंद झाला तर गरोदर बाईला कुठून आणि कसं हलवणार? एकटीनं जाऊ नका, बचत गटातल्या दहाजणी जा. दहाजणींना 'नंतर या' म्हणणं जड जातं.

सूचना देणं सोपं असतं. ती पाळता येईल अशी सोय करणं, हे खरं आरोग्य खात्याचं काम. तेवढं आपण मागायलाच हवं.

हे लक्षात असू द्या

० पुराच्या पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुवून कोरडे करा. टाचांच्या भेगांनाही जखमच समजा.

० ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी पाण्यातून चालले होते." या एका वाक्याने निदान लवकर होतं.

० डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत घ्या. दुधासोबत नको आणि गोळी घेऊन लगेच आडवं होऊ नका.

० डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून घासून कोरडा करा.

० डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.

० पाणी भरलेल्या रस्त्यावर एकटं चालू नका, काठीने चाचपडत पुढे जा. पाणी वाहून जावं म्हणून मॅनहोलचं झाकण कुणी उघडत असेल तर अडवा.

० मुंबईत महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६. रुग्णवाहिकेसाठी राज्यात कुठेही १०८.